स्वयंजुळणीची गणनप्रतिमाने आणि सममितीचा प्रश्न

तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या मोझॅइक विषाणूचे प्रथिन व न्यूक्लिइक अम्ल प्रथम परस्परांपासून वेगळे करून हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट व रॉबली विल्यम्स यांनी १९५५ मध्ये बर्कले येथे ते पुन्हा एकत्र मिसळले. तेव्हा विषाणूचे रोगक्षम कण आपोआप सिद्ध झाले. या विषाणूच्या कवचात एकाच प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रती सर्पिल जिन्याप्रमाणे रचलेल्या असतात. त्या रचण्यास बाहेरचा कोणी गवंडी लागत नाही. घटकांच्या पृष्ठभागांवरील परस्परानुरूपतेतूनच रचना उभी राहते. या क्रियेस ‘स्वयंजुळणी’ म्हणता येईल.

अशा रचनांत सममिती इतकी सर्रास आढळते की तिचे कारण विचारणे अपरिहार्य ठरते. स्थापत्यविशारद सममितीची योजना सोयीसाठी करतो. उत्क्रांतीस मात्र पुढचे पाहून योजना करता येत नाही. मग सममित रचना नैसर्गिक निवडीने उचलून धरल्या, की त्या मुळातच अधिक वेळा उत्पन्न होतात? हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी वस्तुतः भिन्न आहेत, आणि त्यांची फारकत करण्यासाठीच गणकयंत्रावरील प्रतिमानांचा उपयोग होतो.

त्यांपैकी सर्वांत सुबोध प्रतिमान चौरस फरशांचे होय. सेबास्टियन आनर्ट, इयन जॉन्स्टन, आर्ड लुइस प्रभृतींनी ते २०१० पासून पुढे विकसित केले. प्रत्येक फरशीच्या चारही बाजूंवर एकेक अंक असतो. १ हा २ लाच चिकटतो, ३ हा ४ लाच, ५ हा ६ लाच. ० व ७ कोणासही चिकटत नाहीत. अंकांची ही मालिका म्हणजे जनुकीय आज्ञा, आणि फरशा यदृच्छया चिकटत जाऊन जी आकृती बनते ती म्हणजे देह. दोन प्रकारच्या फरशांना मिळून आठ बाजू, प्रत्येक बाजूस आठ पर्याय. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ आज्ञामालिका झाल्या. त्या सर्व यंत्राकडून तपासून घेता येतात, हा या प्रतिमानाचा मोठाच गुण आहे.

एकाच फरशीच्या लगतच्या दोन बाजूंवर १ व २ असून उरलेल्या दोन बाजूंवर ० असल्यास चार फरशांचा चौरस बनून वाढ थांबते. तोच २ समोरच्या बाजूवर सरकविला की चौरस नाहीसा होतो आणि कधीच न संपणारी साखळी सुरू होते. एवढ्याशा फेरफाराचा हा परिणाम केवळ खेळातला नव्हे. हिमोग्लोबिनच्या बीटा-शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखविले. या बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू बनवितात व रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. विदर्भातील आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. त्या दुःखाचे मूळ असे एका बाजूवरील एका खुणेत आहे.

आता सममितीकडे वळू या. एखादी आकृती घडण्यास तीनच बाजूंवरील अंक निश्चित असणे आवश्यक असेल व उरलेल्या बाजूंवर काहीही चालत असेल, तर यादृच्छिक आज्ञेतून ती घडण्याचा संभव ५१२ त एक येतो. सहा बाजू निश्चित असाव्या लागल्या तर तोच संभव २,६२,१४४ त एक होतो. वर्णन दुप्पट लांबले, तर संभव दुपटीने नव्हे, वर्गाने घटतो. सममित आकृतीत तीच खूण पुनःपुन्हा कामी येत असल्याने तिचे वर्णन आखूड असते. म्हणून अंध उत्परिवर्तनांच्या हाती ती वारंवार लागते.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीय लाघवाची आठवण होणे स्वाभाविक आहे. एका ‘अच्’ या प्रत्याहाराने सर्व स्वरांचा निर्देश होतो आणि सुमारे चार हजार सूत्रांत भाषेचा विस्तार सामावतो. परंतु हे साम्य फार ताणणे धोक्याचे ठरेल. सूत्रकाराने लाघव हेतुपूर्वक साधले. येथे ते साधणारा कोणी नाही. आखूड आज्ञा निवडल्या जात नाहीत, त्या केवळ अधिक वेळा पडतात. अल्प जनुकसामग्रीत कवच बसवायचे तर एकच घटक पुनःपुन्हा वापरावा लागेल, हा क्रिक व वॉटसन यांचा १९५६ मधील युक्तिवादही याहून निराळा होता. तो सामग्रीच्या मर्यादेविषयी होता, हा संभवाच्या गणिताविषयी आहे. या गणितामागील सिद्धान्ताचे मूळ लेओनिद लेविन यांच्या १९७४ मधील कार्यात सापडते.

२०२२ मध्ये जॉन्स्टन, डिंगल, लुइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात या मताची विस्ताराने परीक्षा केली. सोळा चौरसांच्या भिन्न आकृत्या १,३०,७९,२५५ संभवतात; त्यांपैकी चौरसाची पूर्ण सममिती असलेल्या अवघ्या पाच. सोळा फरशांच्या सर्व आकृत्यांना सारखीच योग्यता देऊन कृत्रिम उत्क्रांती चालविली असताही या मूठभर अतिसममित आकृत्या प्रमाणाबाहेर वारंवार अवतरल्या. निवडीने त्यांचा पक्षपात केला नव्हता, हे येथे ध्यानी घ्यावे. प्रथिनसमूह व आर-एन-ए यांच्या नैसर्गिक रचनांतही साधेपणाकडे असाच कल आढळला.

तथापि या प्रतिपादनाची मर्यादा स्पष्ट आहे. गणित देते ती केवळ कमाल मर्यादा: गुंतागुंतीची रचना वारंवार उद्भवणार नाही एवढे त्यावरून कळते, पण साधी रचना वारंवार उद्भवेलच असे निष्पन्न होत नाही, काही साध्या रचनाही दुर्मिळच राहतात. शिवाय या फरशा सपाट आहेत, त्यांचे बंध एकदा जुळले की सुटत नाहीत, आणि पेशीतील गर्दीचा तेथे मागमूस नाही. नैसर्गिक निवड अनावश्यक ठरली असा अर्थ काढणाऱ्यांनी मूळ निबंध पुन्हा वाचावा. निवडीपुढे जे उमेदवार येतात त्यांची यादीच एकांगी असते, एवढेच तेथे म्हटले आहे. आणि ही यादी एखाद्या विशिष्ट प्रथिनाबाबत कितपत एकांगी होती, हे त्या त्या प्रथिनाचा इतिहास तपासूनच ठरवावे लागेल.