पथ्याचें अंडें कसें उकडावें?

संस्कृतांत ‘द्विज’ या एकाच शब्दानें ब्राह्मणाचा आणि पक्ष्याचा बोध होतो. पक्षी एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हां अंडें फोडून जन्मास येतो, म्हणून तोहि द्विज. परंतु एका द्विजाचें अंडें दुसऱ्या द्विजाच्या घरीं आलें म्हणजे काय गोंधळ उडतो, याचा अनुभव आम्हांस गेल्या पावसाळ्यांत आला.

आमचा नऊ वर्षांचा नातू विषमज्वरांतून उठला, तेव्हां त्याचें अंग अगदीं झडून गेलें होतें. डॉक्टरांनीं रोज एक उकडलेलें अंडें देण्यास सांगितलें आणि घरांत दोन तट पडले. बाजारच्या अंड्यांसाठीं कोंबड्या नराविना पाळतात, त्यामुळें त्या अंड्यांतून पिल्लूं निघतच नाहीं, असें सूनबाई म्हणाल्या. चरकसंहितेच्या ‘अन्नपानविधि’ अध्यायांत कोंबडीचीं अंडीं कास, हृद्रोग व क्षत यांत हितकर व तत्काळ बल देणारीं सांगितलीं आहेत, हें आम्ही वडील वहिनींच्या निदर्शनास आणिलें. त्या इतकेंच म्हणाल्या, “औषध म्हणून येऊं द्या, भावोजी; पण माझ्या ओट्यावर नको.” तेव्हां मागील पडवींत विजेची शेगडी व निराळें पातेलें मांडून तें काम आम्हीच पत्करिलें.

पत्करिलें खरें, पण एकदांचें उरकून टाकण्याच्या बुद्धीनें. पहिल्या दिवशीं अंडें खळखळत्या पाण्यांत वरून सोडलें. तें तळावर आपटून फुटलें आणि सारें पातेलें फेसाळलें. दुसऱ्या दिवशीं पातेलें शेगडीवर ठेवून आम्ही वर्तमानपत्रांत गढलों. अर्ध्या तासानें अंडें सोलून चिरलें, तों बलकाभोंवतीं हिरवट कडें आणि गंधकाचा वास! मुलानें तोंड फिरविलें. वहिनी दारांतूनच म्हणाल्या, “विष झालें आहे तें.” विष नव्हतें, परंतु दोन दिवस आजाऱ्याचें अन्न वायां गेलें, आणि तो दोष सर्वस्वीं आमचा होता.

यांतील मर्म असें आहे. अंड्याचा पांढरा भाग सुमारें ६२ अंश सेल्सियसपासून घट्ट होऊं लागतो, व बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. म्हणजे जोराच्या उकळीची मुळींच गरज नाहीं. फार वेळ उकडल्यास पांढऱ्या भागांतील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायु निघून तो बलकांतील लोहाशीं संयोग पावतो. तेंच तें हिरवें कडें. त्यानें अपाय होत नाहीं, पण चव जाते.

अंडें प्रथम थंड पाण्यांत सोडून पाहावें. ताजें आडवें बसतें, जुनें उभें राहतें. तरंगेल तें टाकून द्यावें. अगदीं ताज्याचें कवच नीट सुटत नाहीं. आठवडाभराचें सहज सुटतें. अंड्यावर दोन बोटें राहील इतकें पाणी आधीं उकळावें, आंच मंद करावी आणि पळीनें अंडें अलगद तळाशीं ठेवावें. सात मिनिटांत बलक मऊ राहतो, बारा मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. लहान मुलें, वृद्ध, गर्भवती व आजारी यांस बारा मिनिटांचेंच द्यावें. कारण कच्च्या अंड्यांत साल्मोनेला जातीचे जंतु असूं शकतात. दुधांत कच्चें अंडें फेटून देण्याची चाल याच कारणास्तव सोडावी. शिवाय शिजलेल्या अंड्यांतील प्रथिन अधिक चांगलें पचतें. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं पाणी सुमारें ९५-९६ अंशांसच उकळतें; तेथें एक-दोन मिनिटें अधिक द्यावींत. उतरवितांच अंडें पांच मिनिटें गार पाण्यांत ठेवावें, म्हणजे आंतली उष्णता पुढें शिजवीत राहत नाहीं. मग बोथट टोकाकडून, जेथें हवेची पोकळी असते तेथून, पाण्यांतच सोलावें.

अंडें घरांत यावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्या कुलाचाराप्रमाणें ठरवावें. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु आजाऱ्यासाठीं एकदां आणावयाचें ठरलें, कीं वरणभाताइतक्याच काळजीनें तें शिजविलें पाहिजे. मनांत अढी ठेवून केलेल्या पथ्याचा भुर्दंड रोग्याला पडतो.

तिसऱ्या दिवसापासून मुलगा मीठ-मिऱ्याची पूड लावून अंडें आवडीनें खाऊं लागला, आणि महिनाभरांत शाळेंतहि जाऊं लागला. वहिनी त्या पातेल्यास अद्यापि शिवत नाहींत. मात्र रोज सकाळीं माजघरांतून त्यांची हांक येते, “भावोजी, बारा मिनिटें झालीं!”