तारा दिसतच नाहीत, मग उपग्रहावरून विजेचा नकाशा बनतो कसा?

विजेची लाईन कुठून कुठे गेली आहे याचा नकाशा वीज कंपनीकडे असणारच, असं आपण धरून चालतो. पण आफ्रिकेतल्या अनेक देशांत गावागावांत जाणाऱ्या लाईनचा पूर्ण नकाशा सहज मिळत नाही. मग कुठे लाईन ओढायची आणि कुठे सोलर बसवायचं, हे ठरवणार कसं?

उपग्रहातून बघायचं म्हटलं तर इथेच गोची आहे. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, पण त्यातला सगळ्यात बारीक पिक्सेलसुद्धा जमिनीवर १० मीटरचा चौकोन असतो. तार असते जेमतेम बोटाएवढी!

मोठ्या लाईनचे टॉवर मात्र जास्त स्पष्ट फोटोंत सापडतात. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने नायजेरिया, झांबिया आणि पाकिस्तानात हेच केलं गेलं. कॉम्प्युटरने टॉवर असू शकतील असे फोटो निवडले, माणसांनी टॉवरला टॉवर जोडत लाईन आखली.

गावातले खांब तेवढेही दिसत नाहीत. म्हणून संशोधकांनी उलटा विचार केला: रात्री जिथे कायम उजेड दिसतो, तिथे वीज पोचलेली असणार. सुओमी एनपीपी उपग्रह हा उजेड टिपतो. मग उजेडाचे हे ठिपके जोडायचे, तेही शक्यतो रस्त्याच्या कडेने, कारण खांब बहुतेक तसेच जातात. सगळ्यात स्वस्त मार्ग शोधणारं गणित डाइक्स्ट्रा यांचं, १९५९ सालचं. फोनमधला मॅप रस्ता शोधतो, त्याच जातकुळीतलं.

असा जगाचा नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १४ देशांतल्या खऱ्या लाईनशी ताडून पाहिल्यावर अचूकता निघाली ७५ टक्के. खांब दुरुस्त करायला हा नकाशा पुरणार नाही, पण नियोजनाला नक्की उपयोगी आहे.

त्यातला एक आकडा विचार करायला लावतो. जगातले ९७ टक्के लोक मध्यम दाबाच्या लाईनपासून १० किलोमीटरच्या आत राहतात. उरले ३ टक्के, म्हणजे साधारण २३ कोटी. पण तेव्हा विजेविना असलेले लोक होते ७० कोटींहून जास्त!

म्हणजे या नकाशानुसार, अंधारातल्या बहुतेक घरांपासून लाईन फार लांब नाही. अडलंय ते शेवटच्या काही किलोमीटरवर: ट्रान्सफॉर्मर, खांब आणि कनेक्शनचा न परवडणारा खर्च.