बलाबलाचा हिशेब

बुद्धिबळात प्यादे एक गुणाचे, घोडा आणि उंट तीन-तीन गुणांचे, हत्ती पाचाचा आणि वजीर नऊ गुणांचा मानतात. हे आकडे नियमांत नाहीत. ते खेळाडूंनी अनुभवातून ठरवले आणि डाव त्यांना बांधील नाही, कारण एक गुणाचे प्यादे नऊ गुणांच्या वजिराला बिनबोभाट मारते. बुद्धिबळात बळ मोजले जाते, पण मारामारीचा निकाल त्या मोजमापावर लागत नाही. साम्राज्यांच्या लढायांचे खेळ ज्या क्षणी आकड्यांवर निकाल लावू लागले, त्या क्षणी ते बुद्धिबळापासून वेगळे झाले.

हा क्षण प्रशियात आला. १७८० मध्ये ब्राउन्श्वाइगच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या-डोंगर आणले होते, पण मारण्याची रीत बुद्धिबळाचीच ठेवली होती. पुढे रायस्वित्झ पितापुत्रांपैकी धाकट्याने १८२४ मध्ये ‘क्रिग्सश्पील’चे नियम छापले आणि पट बाजूला सारून १:८००० प्रमाणाचा नकाशा मांडला. फाशांवर हानीचे आकडे होते. अंतर, भूभाग आणि गोळीबाराचा जोर पाहून पंच ती हानी तुकडीतून वजा करी. तुकडी एका घावात नाहीशी होण्याऐवजी झिजू लागली, ही त्या खेळाची मोठी देणगी. दुसरीही तेवढीच मोलाची : दोन्ही बाजूंचे खरे बळ फक्त पंचाला ठाऊक असे. प्रशियाच्या लष्कराने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. नंतर १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हेर्नुआने तक्ते गुंडाळून सगळा निवाडा अनुभवी पंचाच्या मतावर सोपवला. त्यामुळे खेळ वेगवान झाला, पण हिशेब पंचाच्या डोक्यात गेला आणि खेळाडूला तो तपासता येईना.

संख्येचे बळ नेमके किती, याचे गणित लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या आपल्या विमानयुद्धावरील ग्रंथात मांडले. समोरासमोरच्या हातघाईत बळ संख्येच्या प्रमाणात असते, पण दुरून एकाच वेळी सगळ्यांना मारा करता येत असेल तर ते संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोडीस तोड असे दहा बंदूकधारी पाचांवर चालून गेले, तर शंभरातून पंचवीस वजा होऊन पंचाहत्तर उरतात आणि त्याचे वर्गमूळ साडेआठच्या थोडे वर येते. पाचही पडतात आणि दहांतले आठ-नऊ उभे राहतात. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकी खेळात तिरंदाजांचा मोठा घोळका लहान घोळक्याला फारशी हानी न सोसता कसा खाऊन टाकतो, याचे कोडे पडलेल्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे.

या शास्त्राचे खरे वैभव मात्र पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर फुलले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ काढला आणि १९५८ पासून त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने हा प्रकार घरोघरी नेला. १९६१ पासून पटावर षटकोनी घरे आली. प्रत्येक सोंगटीवर तुकडीचे बळ आणि चाल यांचे आकडे छापलेले असत आणि पटासोबत एक लहानसा तक्ता मिळे. त्याला नुसता ‘निकालाचा तक्ता’ म्हणत, पण युद्धखेळांच्या इतिहासात इतकी प्रामाणिक वस्तू दुसरी झालेली नाही.

रीत अशी. शत्रूच्या घराला भिडलेल्या आपल्या सर्व तुकड्यांचे बळ बेरजेत घ्यायचे, त्याला बचाव करणाऱ्याच्या बळाने भागायचे आणि उरलेला अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या पदरात टाकायचा. ४, ४ आणि ३ बळाच्या तीन तुकड्या ४ बळाच्या तुकडीवर चालून गेल्या तर ११ भागिले ४, म्हणजे जवळजवळ तिप्पट, पण तक्त्याच्या लेखी ते दोनास एकच. बारावा गुण मिळाला तरच तिनास एक. दोनास एकला फासा उलटला तर हल्लेखोरच साफ होतो. तिनास एकला ती भीती संपते आणि वाईटात वाईट म्हणजे दोन्हीकडून सारखे बळ खर्ची पडते. शत्रू टेकडीवर असेल तर त्याचे ४ चे ८ होतात आणि तोच ११ चा जमाव एकास एकवर घसरतो.

त्या बाराव्या गुणासाठी खेळाडू पटभर नजर फिरवतो. एक दुबळी तुकडी नदीकाठाचा पहारा सोडून इकडे आणली तर जुळते, पण मग नदीकाठ उघडा पडतो. शत्रूच्या साम्राज्याचे एकूण बळ किती, हा प्रश्न येथे जवळपास निरर्थक ठरतो. या घरावर, या पाळीला, या तुकड्यांनिशी गुणोत्तर किती, एवढेच खरे. रात्र-रात्र बेरजा मांडत बसलेली ती पिढी सेनापतीपेक्षा हिशेबनिसासारखी दिसे, हे मान्य करावे लागते. पण हिशेब तिचा स्वतःचा होता.

या पद्धतीला भागाकाराचे युद्ध म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचा मुख्य आक्षेप असा की खऱ्या सेनापतीला शत्रूचे बळ गुणांपर्यंत ठाऊक नसते. आक्षेप अर्धा खरा आहे. त्याचे उत्तर मात्र आक्षेपकांनी दिले नाही, ते याच परंपरेने दिले. १९७२ च्या ‘क्वेबेक १७५९’ मध्ये लाकडी ठोकळे उभे ठेवले जात आणि त्यांची आकड्यांची बाजू फक्त मालकाला दिसे. तुकडी झिजली की ठोकळा एका कुशीवर वळवायचा आणि वर नवा, कमी आकडा यायचा. पंचाशिवाय बळाची गुप्तता आणि झीज, दोन्ही साधले. अतिरेकही याच परंपरेत झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. १९७९ च्या ‘द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ मध्ये इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जादा पाणी पुरवावे लागते. ते हसण्यावारी नेतात, पण वाळवंटातल्या सैन्याचे बळ पाण्यात मोजावे हे तत्त्व चुकीचे नाही.

‘रिस्क’वर थांबण्याचे कारण नाही. १९५७ मध्ये लामोरीस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालेल्या या खेळात हल्ल्याला तीन फासे, बचावाला दोन आणि बरोबरी झाली तर बचावाची सरशी. बाकी सगळी फौजेची रेलचेल.

‘डिप्लोमसी’ला युद्धखेळांच्या पंगतीत बसवू नये, असे एक मत हटवादीपणाने मांडले जाते. ॲलन कॅलहॅमरने १९५९ मध्ये छापलेल्या या खेळात फासे नाहीत आणि प्रत्येक सेनेचे किंवा आरमाराचे बळ एकच. सात सत्ता, ३४ रसदकेंद्रे आणि १८ हाती आली की विजय. सारखे बळ भिडले तर दोघेही जागच्या जागी राहतात, म्हणून पुढे सरकायला शेजाऱ्याचा पाठिंबा लागतो आणि तो शेवटच्या क्षणी काढून घेता येतो. आकडे इतके सपाट केल्यामुळेच उरलेले एकमेव चल, म्हणजे मित्राचा शब्द, मोजता येतो. याला युद्धखेळ म्हणायचे नसेल तर पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपालाही दुसरे नाव शोधावे लागेल.

संगणकाने बेरजांचा त्रास संपवला आणि तक्ताही नजरेआड केला. सिड मायरच्या १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये लढाई एका झटक्यात मिटे, त्यामुळे भालाईताने युद्धनौका बुडवल्याच्या कथा जन्मल्या. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तुकड्यांना जीवगुण आणि माऱ्याचा जोर मिळाला. एक लढाई अनेक फेऱ्यांची झाली आणि अशा चमत्कारांना आळा बसला. २००५ च्या चौथ्या आवृत्तीतला ‘सैनिक’ हा आकडा विशेष बघण्यासारखा आहे. त्यात उभ्या फौजेबरोबर लोकसंख्या, काही इमारती आणि काही शोधही धरलेले असतात. म्हणजे एकही नवी पलटण न उभारता राज्य बलाढ्य दिसू शकते. संगणकाचे राजे युद्ध पुकारताना बळाची तुलना करतात, म्हणून हा फुगवटा निरुपयोगी नाही. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत गुणोत्तराला फाटा देऊन बळातील वजाबाकीवर हानी ठरू लागली.

‘युरोपा युनिव्हर्सलिस ४’ मध्ये बळ अनेक खात्यांत विभागलेले आहे : किती फौज झेपेल, किती माणसे भरतीला उरली, शिस्त किती, मनोधैर्य किती. माणसे शिल्लक असतानाही मनोधैर्य संपले की फौज लढाई हरते. पुठ्ठ्याच्या परंपरेच्या सर्वांत जवळ जाणारा संगणकी खेळ हाच.

‘टोटल वॉर’ मालिकेत मात्र लढाईपूर्वी दोन्ही बाजूंच्या बळाची एक रंगीत पट्टी येते. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे छावणीतून बाहेर पडले ते रसद तुटल्यामुळे, पोटे रिकामी असताना. असली पट्टी माणसे, तोफा, घोडी जमेस धरते. रिकाम्या पोटाला तिच्यात रंग नाही, आणि समोरासमोर न लढता शत्रूला थकवणाऱ्या गनिमी काव्यालाही नाही.

२०१६ च्या ‘स्टेलारिस’मध्ये अंतराळातली साम्राज्ये एकमेकांशी आरमार, अर्थव्यवस्था आणि तंत्रज्ञान या तिन्ही अंगांनी तोलली जातात आणि निकाल शब्दांत मिळतो : दयनीय, कनिष्ठ, समतुल्य, वरचढ, जबरदस्त. २०२१ मध्ये हेरगिरीची नवी व्यवस्था आली. पुरेशी माहिती गोळा केल्याशिवाय तो शब्दही आता सांगितला जात नाही, म्हणजे रायस्वित्झचा पंच दोनशे वर्षांनी परतला. त्या खेळात प्रत्येक ताफ्यावर बळाचा एक आकडा दिसतो आणि बहुतेक खेळाडू तेवढाच पाहून चढाई करतात. तो आकडा नौकांची मारक शक्ती आणि सोसण्याची ताकद यांतून येतो. गोळे फेकणाऱ्या तोफा ऊर्जेच्या ढालींवर भारी पडतात आणि लेसर चिलखतावर. समोरच्या ताफ्याने नौकांवर ढाली चढवल्या आहेत की चिलखत, हे त्या आकड्यात कुठेच नसते.