मुक्काम पोस्ट लाल खडक

अमेरिकेतल्या मराठी घरांत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी एक बेत हमखास शिजतो. लास व्हेगासला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची, पहिल्या दिवशी झायन, दुसऱ्या दिवशी ब्राइस, तिसऱ्या दिवशी अँटिलोप कॅन्यन, की परत. दक्षिण युटा आणि उत्तर अ‍ॅरिझोनाचा हा लाल खडकांचा मुलूख असा पळत पळत पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. एखादं ठिकाण खुशाल गाळा, पण एक तरी रात्र तिथल्या केबिनमध्ये काढा. इथली निम्मी करामत दिवस मावळल्यावरच सुरू होते.

एवढं लाल कशानं?
गंजानं! वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप बसलेला आहे. झायनचे उभे कडे म्हणजे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या, पुढे दगड झालेल्या. वाऱ्यानं त्या वाळूवर ओढलेल्या तिरक्या रेघा आजही कड्यांवर दिसतात.

बर्फाची रात्रपाळी
ब्राइस कॅन्यनचा काठ आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणजे थंडीची कल्पना यावी. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या दिवसांत इथं रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. गोठताना पाणी फुगतं, खडकाची फट थोडी आणखी उघडते, कधी एखादा कपचा सुटतो. याच कारागिरीतून ब्राइसचे हजारो सुळके उभे राहिले. तिथले मूळ रहिवासी पायूट लोक सांगतात, की हे सुळके म्हणजे कोल्ह्यासारख्या लबाड कायोटीनं दगड करून टाकलेले प्राचीन लोक. पहाटेच्या उजेडात ती गर्दी पाहिली की ही कथा पटायला वेळ लागत नाही.

भव्य हॉटेल नको
१९२०च्या दशकात युनियन पॅसिफिक रेल्वेनं या भागात पर्यटक आणायचं ठरवलं. त्यासाठी नेमलेले वास्तुरचनाकार होते गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड. पण नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले संचालक स्टीफन मेथर यांना झायनच्या दरीत मोठं हॉटेल नको होतं. मग मधोमध बेताची लॉज आणि भोवती झाडांत विखुरलेल्या लहान केबिन, असा आराखडा झाला. १९६६ साली झायनची लॉज आगीत जळाली, पण जुन्या केबिन वाचल्या. त्यांत आजही राहता येतं. मेथर यांचे या एका निर्णयासाठी आभार मानावेत तेवढे थोडे!

अंडरवुड यांनीच ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरची लॉजही बांधली होती. ती एकदा १९३२ साली जळाली, पुन्हा उभी राहिली, आणि जुलै २०२५च्या वणव्यात भोवतीच्या कितीतरी केबिनसह पुन्हा भस्मसात झाली. या बातमीनं अनेक जुन्या मुक्कामकऱ्यांना घरचं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं.

या सगळ्याच लॉजमध्ये उन्हाळ्यात कॉलेजची मुलं-मुली कामाला असत. पाहुण्यांची बस निघाली की वेटर, सफाईवाल्या मुली, सामान उचलणारे पोरगे, सगळे दारात जमून गाणी म्हणत निरोप देत. ही प्रथा कित्येक वर्षं चालली.

जिथं गाडी पोचतच नाही
ग्रँड कॅन्यनच्या तळाशी फँटम रँच आहे. १९२२ सालच्या या केबिन मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी आखल्या. दगड तिथलेच वापरले, कारण बाकी प्रत्येक वस्तू खेचराच्या पाठीवरून खाली आणावी लागे. आजही तिथं पायी, खेचरावर किंवा नदीतून बोटीनंच जाता येतं. दक्षिण काठापासून उतार साडेचार हजार फुटांच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच चढायचं. तरीही जागेसाठी पंधरा महिने आधी सोडत निघते! तळातून धाडलेलं पत्र खेचरावरून वर येतं आणि त्यावर तसा शिक्काही असतो.

पाणी टँकरचं
स्टेट पार्कांतला मुक्काम स्वस्त आणि साधा. मोआबजवळच्या डेड हॉर्स पॉइंटला आणि गॉब्लिन व्हॅलीत युर्ट आहेत, म्हणजे मंगोल पद्धतीचे गोल तंबू. आत बंक बेड असतात. अशा ठिकाणी अंथरूण-पांघरूण बहुधा आपलं आपण न्यायचं, हे आरक्षण करतानाच नीट वाचा. डेड हॉर्स पॉइंटला पिण्याचं पाणी मोआबहून टँकरनं येतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला तिथं नळ जपून सोडायला कुणी शिकवावं लागत नाही.

गॉब्लिन व्हॅलीपासून हँक्सव्हिल गाव जवळच. तिथल्या ओसाड माळावर मार्स सोसायटीनं २००१पासून मंगळावर राहण्याच्या सरावाचं केंद्र चालवलं आहे. लहानशा गोल घरात माणसं दाटीनं राहतात आणि बाहेर पडताना अंतराळवीरांसारखा पोशाख चढवतात.

पायाखाली बघा
वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलाचे भाऊबंद यांनी विणलेलं हे कवच वाळूला धरून ठेवतं. एक पाऊल पडलं की ते मोडतं आणि सावरायला कैक वर्षं लागतात.

खडकावरच्या खळग्यांत पावसाचं पाणी साठलं असेल तर त्यात हात घालण्याआधी थांबा. त्यात परीकोळंबी (फेअरी श्रिंप) पोहत असते. पाणी आटलं की तिची अंडी कोरड्या धुळीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाऊस आला की फुटतात. हे वाचून आपल्या कातळसड्यांवरची डबकी आठवली तर बरोबरच आठवली. तिथंही परीकोळंबी आहे, आणि सह्याद्रीचं नाव मिरवणारी तिची एक जात २०१४ साली नोंदली गेली.

मान वर करा
साडेनऊ फूट पंखविस्ताराचा कॅलिफोर्निया कॉन्डोर हा गिधाडासारखा पक्षी १९८०च्या दशकात जेमतेम बावीसवर आला होता. १९९६पासून तो इथल्या कड्यांवर पुन्हा सोडला जातो. या प्रयत्नांतलं हजारावं पिल्लू २०१९ साली झायनमध्ये जन्मलं. आपल्याकडची गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधानं मेली. कॉन्डोरला मारतं ते शिकारीच्या गोळ्यांतलं शिसं, मेलेल्या जनावरातून पोटात गेलेलं.

दोन गोष्टी जपून
तिथंही जुलै ते सप्टेंबर मॉन्सून असतो. अरुंद घळींत पूर येतो तो मैलोन् मैल दूर पडलेल्या पावसाचा, डोक्यावर आभाळ निळं असताना. ऑगस्ट १९९७मध्ये अँटिलोप कॅन्यनमध्ये असेच अकरा पर्यटक वाहून गेले. रेंजर घळीत उतरू नका म्हणाले तर वाद घालू नका.

दुसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ तासभर पुढे जातं, अ‍ॅरिझोनाचं जात नाही. अ‍ॅरिझोनातच असलेल्या नावाहो लोकांच्या प्रदेशात मात्र जातं, आणि त्यांच्या मधोमध असलेल्या होपी लोकांच्या प्रदेशात जात नाही. फोनवर विसंबू नका, टूरची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या.

फळं तोडायला परवानगी आहे
कॅपिटल रीफ नॅशनल पार्कात, लाल कड्यांच्या पायथ्याशी फ्रूटा नावाची मॉर्मन पंथीयांची जुनी वस्ती होती. वस्ती उठली, पण तिथल्या लोकांनी लावलेल्या बागा पार्कानं जपल्या. हंगामात खुल्या असलेल्या बागेत उभं राहून खाल तेवढं फळ फुकट, घरी न्याल त्याचे पैसे. शिडी तिथंच ठेवलेली असते. चेरी साधारण जूनमध्ये, जर्दाळू त्यापाठोपाठ, पीच ऑगस्टमध्ये आणि सफरचंदं सप्टेंबर-ऑक्टोबरात. मुलं बरोबर असतील तर मी सफरचंदांचा हंगाम धरीन: ऊन उतरलेलं असतं. मुक्कामाला पार्काबाहेरच्या टोरी गावात केबिन आहेत.