आधी कोणाला तपासायचे?

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर अधूनमधून ‘सागर कवच’ सराव होतो. अतिरेक्यांचे सोंग घेतलेले जवान बोटीने येतात आणि पोलिसांनी त्यांना अडवायचे असते. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर मुंबईत समुद्रमार्गेच आले होते. पण अडवण्याआधी गोळीबार झाला तर? तो सराव ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी शिरोड्याच्या वाळूत करायला हवा.

अतिरेकी शिरोड्याला कशाला येतील, असे कोणी म्हणेल. येऊ नयेतच! पण पर्यटकांची बस उलटली तरी पद्धत हीच.

एरवी डॉक्टर समोरचा रुग्ण सोडत नाही. इथे सोडावा लागतो. चालता येणाऱ्यांना हाक मारून बाजूला घ्यायचे. ते हिरवे. उरलेल्या प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट. श्वास मिनिटाला ३० हून जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ‘डोळे मिटा’ म्हटलेले कळत नाही, यांतले एकही असेल तर लाल चिठ्ठी. बाकीचे पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तो काळा. त्याच्या छातीवर दाब देत बसायचे नाही. वाहते रक्त थांबवायचे आणि पुढे जायचे. विशीतल्या मुलामुलींना सर्वांत जड जाते ते हेच. म्हणून ते वर्गात ऐकून भागत नाही, करून पाहावे लागते.

रुग्णालयात आधी बहुधा किरकोळ जखमीच पोहोचतात. मिळेल त्या रिक्षाने येतात आणि खाटा अडतात. मात्र हिरव्यांनाही पुन्हा तपासावे लागते. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला इजा झाली, तर वरून जखम दिसत नाही आणि धाप नंतर वाढते.

हल्ल्यात आणखी एक भान हवे. जागा सुरक्षित झाल्याशिवाय आत धावायचे नाही. दुसरा बॉम्ब मदतीला येणाऱ्यांसाठी ठेवलेला असू शकतो. रुग्णालयही सुटत नाही. २००८ मध्ये अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारे लावून २० गरोदर स्त्रियांना आडोशाला नेले.

सरावाला खर्च फारसा नाही. रक्ताऐवजी कुंकवाचे पाणी, गळ्यात रंगीत चिठ्ठ्या, जखमी म्हणून गावातलीच माणसे. खरी परीक्षा शेवटी: रुग्णवाहिका दोन, लाल चिठ्ठ्या पाच. कोणाला शिरोड्याच्याच रुग्णालयात ठेवायचे, कोणाला ओरोसला न्यायचे आणि कोणाला थेट गोव्यात बांबोळीला?