जुन्या संगणकात आधी काय बदलावे?



खेळण्याच्या संगणकाविषयी बोलायला एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत बरेच, असे झालेले आहे. तथापि दिवाळीच्या बोनसातून कोणाच्या घरी काय येते आणि त्यातले किती वाया जाते, हे पाहण्यात आमची तीस वर्षे गेली. आणि अलीकडे रामटेक-मनसरच्या बाजूला बोनसावर पहिला हक्क मुलाच्या संगणकाचा असतो, हे ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांना सांगायला नको.

आमच्या भाच्याचीच गोष्ट घ्या. त्याचा संगणक २०१८ च्या सुमाराचा. रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि साधी हार्ड डिस्क. "मामा, गेम अटकून राह्यला न," असे तो सारखे म्हणे. २०२५ च्या दिवाळीत त्याच्या वडिलांचा जवळजवळ सगळा बोनस घेऊन तो नागपूरला गेला आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. घरी बसवले. चित्र अधिक सुबक दिसू लागले, पण अडकणे होते तसेच राहिले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

आम्ही यंत्र उघडून बसलो. खेळ चालू ठेवून टास्क मॅनेजर पाहिला, तर रॅम काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली. रॅममध्ये मावेना तो पसारा संगणक डिस्कवर टाकीत होता आणि लागला की परत आणीत होता. फिरती डिस्क सेकंदाला फार तर दीडदोनशे मेगाबाइट वाचते, तेही सलग असेल तर. विखुरलेले असेल तर त्याच्या कितीतरी कमी. तेवढा वेळ कार्ड बिचारे हात बांधून उभे. रॅमची दुसरी काडी आणि एक एसएसडी, एवढ्यावर काम भागले असते. ती घ्यायला जानेवारीत गेलो तेव्हा रॅमची किंमत सप्टेंबरच्या दुपटीवर गेलेली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांसाठी मेमरी बनवण्याकडे कारखानदार वळले, त्याचा चटका रामटेकच्या पोराला बसला. म्हणजे आधी काय आणि मग काय, हा क्रम चुकला की पैसा दोनदा जातो.

आता हे असे का होते, ते पाहू. पडद्यावरचा खेळ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली; कार्ड ते रंगवते. समजा प्रोसेसरला एका चित्रामागे २० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १०. दोघांचे काम बरोबरीने चालते, म्हणून दर २० मिलिसेकंदांना एक चित्र बाहेर पडते, सेकंदाला ५०. आता दुप्पट वेगाचे कार्ड आणले. त्याला ५ लागतील. चित्रे किती? पन्नासच. ज्यांच्या घरी कोणी गिरणीत होते त्यांना हे हिशेबाशिवाय कळते. सूत कमी पडत असता नवे माग आणून उभे केले, तर कापड वाढत नाही, माग रिकामे राहतात. नागपूरची एम्प्रेस मिल आता बंद आहे. ती १८७७ साली सुरू झाली तेव्हाची पहिली यंत्रे काही धड निघाली नाहीत. पुढे जमशेटजी टाटांनी रिंग पद्धतीच्या चात्या आणल्या, त्या आधी थोड्या चालवून पाहिल्या आणि मग वाढवल्या. मालकवर्गाशी आमचे पुष्कळ बाबतींत पटत नाही, पण मोजून मग खर्च करण्याची ही रीत उचलण्यासारखी आहे.

मोजायचे कसे? पैसे लागत नाहीत. खेळ चालू करून सेकंदाला किती चित्रे पडतात ते लिहून घ्यावे. मग खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. आकडा उडी मारून वर गेला, तर तंगी कार्डाची. आकडा जागचा हलला नाही, तर प्रोसेसरची. आकडा चांगला आहे पण मधूनमधून हिसके बसतात, तर बहुधा रॅम वा डिस्क. व्हॅलोरंटसारखा खेळ कार्डाला फारसा त्रास देत नाही, प्रोसेसरला देतो. सायबरपंकसारखा कार्डाचा घाम काढतो. आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर दीडशे चित्रे विकत घेऊन दाखवायची कुठे?

पाकिटाला हात घालण्यापूर्वी कॅबिनेट उघडून धूळ काढावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा आतले यंत्र खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर नव्वदीच्या पुढे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपण समजतो की तो म्हातारा झाला. मात्र वाळ्याच्या कूलरचा ओला झोत सरळ पेटीवर सोडू नये. एका शेजाऱ्याने तो प्रयोग करून पाहिला आहे. रॅमच्या दोन काड्या असतील तर त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत आहेत की नाही आणि बायोसमध्ये त्यांचा पूर्ण वेग चालू आहे की नाही, हेही पाहावे. पुष्कळ संगणकांत ३००० ची काडी वर्षानुवर्षे २१३३ वर रांगत असते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुना संगणक भंगारात काढा असे सांगणारे पुष्कळ भेटले. भाच्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमधली टीपीएमची सोय बंद होती, तेवढी चालू करायची होती.

मोठे कार्ड घ्यायचे असेल तर आधी एसएमपीएसकडे पाहावे. मदरबोर्डची खाच कार्डाला ७५ वॉटच देते. त्यावरची भूक वेगळ्या तारेने भागवावी लागते, आणि हलक्या प्रतीच्या एसएमपीएसवर छापलेले वॉट खरेच मिळतील असे नाही. हा भाग खेळात एक चित्रही वाढवीत नाही, म्हणून त्यावर कोणी खर्च करीत नाही. पण तो जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो. मदरबोर्ड शक्यतो शेवटी. तो बदलला की बहुधा प्रोसेसरही बदलावा लागतो, आणि डीडीआर५ चा घेतला तर जुनी रॅमही निकामी.

भाच्याकडे आता १६ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, आणि रिझोल्यूशनची परीक्षा प्रोसेसरकडे बोट दाखवते. त्याचा बोर्ड बी४५० चा आहे, म्हणजे त्याच खाचेत रायझन ५ ५६०० बसेल, बाकी काही हलवायला नको. बायोस मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी नवा करून घ्यावा लागतो, आणि ती पाच-दहा मिनिटे वीज जाता कामा नये. ते काम एप्रिलच्या दुपारी करायचे नाही, सकाळी सहाला इन्व्हर्टरवर करायचे, असे आम्ही त्याला बजावून ठेवले आहे. वडिलांनी पैसे देण्याचे कबूल केले आहे. फक्त या खेपेस आकड्यांचा कागद आधी त्यांना दाखवावा, अशी त्यांची अट आहे.