स्ट्रेस टेस्ट : श्रमात हृदयाची पारख

मारेगाव तालुका कापसाचा. वेचणीच्या हंगामात तेथून येणाऱ्या रुग्णांची एक तक्रार आम्हांस परिचयाची झाली आहे : कापसाचे गाठोडे घेऊन बांधापर्यंत आले की छाती जड होते, घटकाभर बसले की बरे वाटते. घरची मंडळी याला 'गॅस' म्हणतात. विश्रांतीत काढलेला ई.सी.जी. पुष्कळदा निर्दोष असतो व हा समज आणखी पक्का होतो.

वस्तुतः हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली तरी बसल्या जागी लागणारे रक्त तिच्यातून मिळत राहते. पाटात गाळ साचला तरी एक वाफा भिजतो; सारे वावर भिजवू गेल्यास पाणी अपुरे पडते. म्हणून हृदयाला श्रम देऊनच पाहावे लागते.

छातीवर इलेक्ट्रोड लावून रुग्णास ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालविले जाते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने रूढ झालेल्या पद्धतीत आरंभी वेग ताशी २.७ किलोमीटर असतो. दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढतो. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडीचे ठोके न्यावेत, असा संकेत आहे. पन्नास वर्षांच्या रुग्णासाठी सुमारे १४५. ई.सी.जी. व रक्तदाबावर डॉक्टरांचे सतत लक्ष असते. रुग्ण किती मिनिटे चालला, हा आकडा नातेवाईक बहुधा वाचतच नाहीत. आमच्या मते तो अहवालातील अत्यंत बोलका भाग होय.

ही चाचणी अचूक मात्र नव्हे. विशेषतः स्त्रियांमध्ये नसलेला दोष दिसण्याचा संभव अधिक असतो. निर्दोष अहवाल ही पुढे झटका न येण्याची हमीही नाही. रक्तवाहिनीतील लहानसा थर फुटूनही गुठळी होऊ शकते. शंका उरल्यास सी.टी. अँजिओग्राफीसारख्या तपासण्या कराव्या लागतात.

काही देणगीदार शिबिरात सर्वांचीच स्ट्रेस टेस्ट करावी, असे सुचवितात. त्यांच्या सद्भावनेचा आदर राखूनही लक्षणे नसलेल्यांवर सरसकट हा खर्च करणे आम्हांस उचित वाटत नाही. तोच पैसा रक्तदाब व मधुमेहाच्या तपासणीस आणि खर्रा सोडविण्यास लागला तर अधिक जीव वाचतील.

बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला असेल, तर या चाचणीसाठी थांबू नये. त्या वेळी ती धोक्याची असते. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चाचणीस ठरवून येणाऱ्यांनी दोन-तीन तास आधीपासून जेवण टाळावे, चालण्यास सोयीची पादत्राणे घालावीत व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.